दगडफूल एकच नसतं : कातळावरच्या सारख्या दिसणाऱ्या जाती ओळखायच्या कशा?

गोडा मसाला करणाऱ्या घरात दगडफूल माहीत नाही असं होत नाही. वरून राखाडी, खालून काळं, चुरगळलेल्या कागदासारखं. कच्चं हुंगलं तर फारसा वास नाही, पण तेलात परतलं की घरभर दरवळ सुटतो. दुकानात आपण नुसतं 'दगडफूल द्या' म्हणतो आणि दुकानदार पुडी बांधून देतो. त्या पुडीत मात्र एकाच जातीचं दगडफूल असतं असं नाही. बाजारातल्या मालात तीन-चार जातींची सरमिसळ अगदी नेहमीची आहे. आपल्या सह्याद्रीच्या कातळावरही एकमेकींच्या शेजारी वाढणाऱ्या, पाच फुटांवरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या अशा बऱ्याच जाती आहेत.

हे आता लिहायचं कारण असं की पावसाळा सरला आणि कातळ सुकला, की घाटमाथ्याच्या गावांत गोणी घेऊन फिरणारी माणसं दिसू लागतात. आमच्या भागात मागचे दोन हिवाळे हेच चाललंय. ते किलोवर भाव सांगतात, जात कुणी विचारत नाही. खरवडणारा आपल्याच गावचा असतो, आणि खरवडलेल्या जागेवर पुन्हा तेवढं कधी उगवणार हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून निदान आपल्या सड्यावर काय काय आहे, एवढं तरी आपल्याला कळावं.

आधी, हे शेवाळ नाही

गावात बहुतेक जण याला शेवाळच म्हणतात. पण शेवाळ वेगळं आणि हे वेगळं. शास्त्राच्या मराठी पुस्तकांत याला 'शैवाक' हा शब्द आहे आणि तो फार बेताने केलेला आहे : शैवल आणि कवक, दोन्ही त्यात आले. कवक म्हणजे बुरशी घर बांधते आणि दगडाला धरून राहते. शैवल त्या घरात राहून उन्हावर अन्न तयार करतं. एकट्या बुरशीला उघड्या कातळावर जगता येत नाही, दोघं मिळून जगतात. स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे मांडलं, तेव्हा शैवाकांवर आयुष्य घालवलेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासकांना ते अजिबात पटलं नव्हतं. त्यातल्याच एकाचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

शैवाकाला मुळं नसतात. खालच्या बाजूला काळे धागे दिसतात, ते फक्त दगडाला पकडून ठेवण्यासाठी. पाणी, क्षार, धूळ जे काही मिळतं ते पाऊस, धुकं आणि हवेतून. त्यामुळे वाढ अतिशय सावकाश, साधारण वर्षाला काही मिलिमीटर. वर्षाला पाच मिलिमीटर धरले तरी वीतभर सोडा, दहा सेंटिमीटर रुंदीचा गोल व्हायला दहा वर्षं लागतात. खरवडायला पत्र्याचा तुकडा आणि अर्धा मिनिट पुरतो.

सगळ्यात आधी नुसत्या डोळ्यांनी चाळणी लावा

कातळावर जे जे चिकटलेलं दिसतं ते सगळं दगडफूल नव्हे. दगडावर चुना किंवा रंग फासल्यासारखे सपाट डाग दिसतात, नखाने सुटत नाहीत, सोडवायला गेलं तर दगडाचाच चुरा निघतो, ती पापुद्र्याची शैवाकं. नारिंगी-पिवळे डाग बहुतेक कॅलोप्लाका किंवा तिच्या जवळच्या गोतावळ्यातले. ते सोडून द्या.

दुसरी फसगत डिरिनेरियाची. ही राखाडी असते, पानासारख्या पाळ्याही असतात, पण अरुंद, आणि इस्त्री केल्यासारखी दगडाला बसलेली. कडेखाली नख जात नाही. खरं मसाल्याचं दगडफूल कडेला उचललेलं असतं, खाली बोटाचं टोक शिरतं.

तिसरा, पिवळसर हिरव्या रंगाचा गट. राखाडीच्या जागी हिरवट पिवळी झाक आणि अरुंद पाळ्या दिसल्या तर ते झँथोपार्मेलिया कुळातलं असण्याची शक्यता जास्त. ते तोंडात घालायचं नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्यात २००४ साली एल्क जातीची तीनशेहून जास्त हरणं माळावर पाय लुळे पडून मेली, आणि दोष गेला तो याच कुळातल्या, जमिनीवर वाढणाऱ्या एका शैवाकाकडे. आपल्याकडची जात ती नाही, पण 'शैवाक म्हणजे खायचंच' हा समज मोडायला एवढं उदाहरण पुरे आहे.

हे सगळं वगळलं की उरतं ते रुंद, गोलसर पाळ्यांचं, बोटाच्या नखाएवढ्या ते अंगठ्याएवढ्या रुंदीचं, वरून राखाडी आणि खालून काळं. हा पार्मोट्रेमा गट. खरी गंमत इथून सुरू होते.

खडबडीत की पिठाळ?

पार्मोट्रेमाच्या जाती ओळखताना रंग बघू नका. रंग पावसाने, उन्हाने, वयाने बदलतो. ओलं असताना हिरवट, सुकलं की राखेसारखं, तेच एक शैवाक. आकारही बघू नका. बघायचं ते पृष्ठभाग आणि कडा.

या जाती बहुतेक वेळा बी-बीजाणूंच्या भानगडीत न पडता स्वतःचेच तुकडे पाडून पसरतात. तुकडे पाडायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत वरच्या बाजूला बारीक खुंट उगवतात, टाचणीच्या टोकाहून बारीक, उभे, कधी फांद्या फुटलेले. ते मोडून पडतात आणि जिथे पडतील तिथे नवीन शैवाक. याला आयसिडिया म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत कडेला किंवा कडेजवळ साल फुटते आणि आतून पिठी बाहेर येते. ती सोरेडिया.

कोरड्या बोटाने हलकेच घासून बघा. सुताराच्या पॉलिश पेपरसारखं खरखरलं आणि बारीक कण सुटले तर खुंटाची जात. बोटाला ज्वारीच्या पिठासारखी पांढरट-हिरवट पिठी लागली तर पिठीची जात. ही एक खूण निम्मं काम करते. सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाईलवर जवळून फोटो काढा आणि मग फोटो मोठा करून बघा. कॅमेऱ्यात झूम करून काढलेला फोटो फाटतो, त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी खूण कडेची. पाळीच्या कडेला काळे ताठ केस आहेत का? पापण्यांसारखे. काही जातींत लांब आणि भरपूर, काहींत तुरळक आणि आखूड, काहींत एकही नाही. केस बघताना पाळी उजेडासमोर धरा, नाहीतर काळ्या दगडापुढे काळे केस दिसत नाहीत.

आता जाती

टिंक्टोरम. पूर्ण नाव पार्मोट्रेमा टिंक्टोरम. घाटमाथ्यावर हमखास भेटणारी. वरचा भाग खुंटांनी भरलेला, मध्यावर तर इतका की राखाडीऐवजी मळकट काळपट दिसतो. कडेला केस नाहीत. उलटून बघितलं तर मधोमध काळं आणि कडेला तपकिरी, गुळगुळीत, धागे नसलेला रुंद पट्टा. 'टिंक्टोरम' म्हणजे लॅटिनमध्ये रंगाऱ्यांचं. नाव फुकट दिलेलं नाही. हिच्यात लेकॅनोरिक आम्ल असतं, आणि अमोनियात मुरवलं की त्यापासून जांभळा रंग निघतो. युरोपात अशा शैवाकांवर कपडे रंगवण्याचा धंदा चालत असे.

हिची नक्कल करणाऱ्या दोघी. एक क्रिनिटम. खुंट आहेत, पण कडेला काळे केसही आहेत, आणि भिंगातून बघितलं तर कित्येक खुंटांच्या टोकालासुद्धा केस. ही डोळ्यांनी वेगळी काढता येते. दुसरी सॅकॅटिलोबम. तिला खुंट आहेत, केस नाहीत, म्हणजे सगळं टिंक्टोरमसारखंच. नुसत्या डोळ्यांनी या दोघींतला फरक सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं माझं मत आहे. तिथे रसायन लागतं, ते पुढे सांगतो.

आता पिठीच्या जाती. रेटिक्युलेटम ही त्यातली सगळ्यात सोपी. वरच्या राखाडी भागावर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं असतं, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तशा भेगांचं, फक्त फार लहान मापात. रेटिक्युलेटम म्हणजेच जाळीदार. कडेला केस, कडेजवळ पिठी. जाळं दिसलं की दुसरं काही बघायची गरज सहसा उरत नाही. ही उंच, धुक्याच्या भागात जास्त.

पर्लेटम ही पुस्तकातलं दगडफूल. मसाल्याच्या दगडफुलाचं शास्त्रीय नाव कुठेही शोधा, बहुधा हेच नाव येतं. जुन्या लिखाणात ते 'पार्मेलिया पर्लेटा' असं दिसेल. आयुर्वेदात 'शैलेय' म्हणून जे येतं, त्यासाठीही हेच नाव लावतात. कडेला पिठी, केस आहेत पण थोडे आणि आखूड, वर भेगांचं जाळं नाही. नाव हिचं लावतात खरं, पण पुडीत हीच असेल असं नाही. टिंक्टोरम, रेटिक्युलेटम आणि हिमालयातली पन्हाळीसारख्या अरुंद पट्ट्यांची आणखी एक जात हीसुद्धा 'दगडफूल' म्हणूनच विकली जाते. आणि आणखी एक मजा : बाजारात येणारं बरंचसं दगडफूल दगडावरचं नसतंच, झाडाच्या सालीवरचं असतं. उत्तराखंडात बांज म्हणजे ओकच्या झाडांवरून ते काढतात आणि त्याला तिकडे 'झूला' म्हणतात. पुडीत सालीचे तपकिरी तुकडे सापडतात ते त्यामुळे.

शेवटच्या दोन, ऑस्ट्रोसायनेन्स आणि प्रीसोरेडिओसम. दोघींना कडेला पिठी. दोघींना केस नाहीत. दोघी राखाडी. दोघी दगडावरही वाढतात आणि झाडावरही. शेजारी शेजारी ठेवल्या तरी सांगता येत नाही. इथे डोळा थांबतो.

टीसीएलच्या एका थेंबाची किमया

श्वेंडेनर यांचं म्हणणं ज्यांना कधीच पटलं नाही, ते हे विल्यम नायलँडर. मूळचे फिनलंडचे, राहायला पॅरिसला. जोडीदारीच्या बाबतीत ते चुकले, पण १८६६ साली त्यांनी दिलेली एक युक्ती आजही जगभर वापरतात : शैवाकावर रसायनाचा थेंब टाका आणि रंग बघा. त्यातलं एक रसायन म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते ती टीसीएल. दुसरं पोटॅशियम हायड्रॉक्साईड, ते मात्र कातडी जाळणारं आहे. घरी त्याच्या नादाला लागू नका, ते कॉलेजच्या प्रयोगशाळेचं काम.

टीसीएलचा प्रयोग असा. नखाएवढा तुकडा घ्या, तोही सुटून पडलेला असेल तर उत्तम. ब्लेडने वरची राखाडी साल अगदी हलकी खरवडा, खाली कापसासारखा पांढरा थर दिसेल. चमचाभर पाण्यात चिमूटभर ताजी टीसीएल कालवा, गाळ बसू द्या. टूथपिकच्या टोकाने वरच्या पाण्याचा एक थेंब त्या पांढऱ्या थरावर ठेवा आणि नजर हलवू नका. लाल रंग आला तर लगेच येतो आणि थोड्या वेळात उडून जातो. इकडे तिकडे बघितलं की हुकला. सालीवरच थेंब टाकला तर उत्तर चुकीचं मिळतं, बघायचं ते पांढऱ्या थराचं.

पावडर जुनी, वास उडालेली असेल तर रंग येणार नाही आणि तुम्ही जातीला दोष द्याल. नाकाला झोंबणारा वास हवा. ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या कशात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मुलांना जवळ घेऊन करायचं असेल तर चष्मा घाला, उघड्यावर करा. थेंब टाकलेला तुकडा मसाल्याच्या डब्यात परत जाता कामा नये. आणि कातळावर, जिवंत शैवाकावर थेंब टाकायचा नाही, तेवढा भाग मरतो.

आता उत्तरं. टिंक्टोरम लाल होते, सॅकॅटिलोबम होत नाही. ऑस्ट्रोसायनेन्स लाल होते, प्रीसोरेडिओसम तशीच पांढरी राहते. जिथे भिंग हरलं तिथे चिमूटभर टीसीएलने निकाल लागला. रेटिक्युलेटम आणि पर्लेटम दोघीही ब्लीचला दाद देत नाहीत. त्यांचा निवाडा पोटॅशियम हायड्रॉक्साईडवर होतो : रेटिक्युलेटमचा पांढरा थर आधी पिवळा आणि मग रक्तासारखा लाल, पर्लेटमचा पिवळा आणि फार तर नारिंगी. पण जाळं नीट बघितलं तर तेवढ्यावर जायची वेळ क्वचितच येते.

हा प्रयोग करायला सड्यावरच जायला हवं असं नाही. ही आम्लं टिकाऊ असतात, संग्रहालयात वर्षानुवर्षं ठेवलेले नमुनेसुद्धा रंग देतात. तेव्हा घरातली दगडफुलाची पुडी ताटात ओता. तुकडे वेगवेगळे करा : खुंटवाले एकीकडे, पिठीवाले दुसरीकडे, जाळंवाले तिसरीकडे, सालीचे तुकडे आणि कचरा बाजूला. एका पुडीत किती बहिणी निघतात ते स्वतः बघा. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनी हा तास जरूर घ्यावा, खर्च पुडीपुरता.

मग खरवडायचं की नाही?

मसाल्यासाठी जात बदलली तर कुणी मरत नाही, हे खरं. मिसळ असलेलंच दगडफूल आपण पिढ्यानपिढ्या खातोय. प्रश्न दोन वेगळेच आहेत.

पहिला, जागेचा. शैवाक हवेतलं सगळं शोषतं, चांगलं आणि वाईट. गाड्यांच्या धुरातले जड धातू त्यात साठतात, म्हणूनच हवेचं प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ शैवाकं वापरतात. १९८६ साली चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हा नॉर्वे-स्वीडनकडच्या शैवाकांत किरणोत्सर्ग साठला, ती खाणाऱ्या रेनडियरचं मांस फेकून द्यावं लागलं. आपल्याकडे हायवेच्या कडेचा किंवा खडी क्रशरजवळचा कातळ असेल तर तिथलं दगडफूल कुठल्याही जातीचं असो, स्वयंपाकात नको.

दुसरा, हक्काचा आणि कायद्याचा. राखीव वनातून परवानगीशिवाय काही उचलणं हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. संरक्षित किल्ले आणि लेणी यांच्या दगडाला पत्रा लावणं म्हणजे स्मारकाला इजा करणं. काससारखे जांभ्याचे सडे तर आणखी नाजूक, कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते पश्चिम घाटाचा भाग म्हणून. उरल्या गावच्या जागा. तिथे २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. व्यापारासाठी गावातली अशी संपत्ती नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार तिला आहे. बऱ्याच गावांत ही समिती कागदावरच आहे, हे मी वेगळं सांगायला नको. पण गोणीवाला आला तर 'समितीला विचारलं का?' एवढा प्रश्न तरी विचारता येतो. गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत झाडं, पक्षी, भात-नाचणीचे वाण लिहिलेले असतात, कातळावरचं एक ओळही मी अजून कुठल्या वहीत बघितलेलं नाही.

नोंद करायची झाली तर चार फोटो लागतात. संपूर्ण शैवाक, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. कड जवळून. वरचा भाग जवळून, खुंट किंवा पिठी दिसेल असा. आणि पाळीची कड हलकेच उचलून खालची बाजू. फोटो कोरड्या शैवाकाचे काढा, ओल्याचे नको. सोबत गाव, तारीख, काळा कातळ की जांभा की झाड, सावली की ऊन हे लिहा.

नमुना ठेवायचाच असेल तर नखाएवढाच, आणि कागदाच्या पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर राहून त्याला बुरशी लागते, आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राचा विभाग असेल तर तिथे दाखवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या शैवाकांवर मोठं काम केलं, तिथे शैवाकांचा संग्रह आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही आहे. भारतातली शैवाकं ओळखायच्या किल्ल्या ज्यांनी लिहिल्या ते डॉ. धरणीधर अवस्थी लखनौचेच, पानासारख्या आणि झुडपासारख्या शैवाकांची त्यांची किल्ली १९८८ साली आली. कॉलेजातल्या प्राध्यापकांना नमुना देताना या किल्लीचं नाव काढा, आणि पांढऱ्या थरावर टीसीएलने काय झालं तेही पाकिटावर लिहून द्या. अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल.